दाट वस्तीत आरोग्याचे काम सुरू करायचे आहे: शिबिर घ्यावे की दुसरे काही?

उंबरठा

शहरातल्या एका दाट वस्तीत आमच्या गटाला आरोग्याचे काम सुरू करायचे आहे. अंदाजे ४०० घरे, अरुंद गल्ल्या, बहुतेक घरे एका खोलीची. नळाला ठरावीक वेळीच पाणी येते, त्यामुळे घरोघरी पिंपे भरून ठेवलेली असतात. बहुतेक लोक रोजंदारीवर जातात. सरकारी दवाखाना चालत जाण्याइतका जवळ आहे, पण तो उघडा असतो तेव्हा लोक कामावर असतात.

आम्ही बाराजण आहोत. वैद्यकीय शिक्षण कुणाचेच नाही. प्रत्येकाला आठवड्यातून तीन-चार तास देता येतील. पैसे थोडे आहेत. गटातल्या काहींना वाटते, एक मोठे मोफत तपासणी शिबिर घ्यावे: रक्तदाब, साखर, डोळे, सगळे एकाच दिवशी. काहींना वाटते, त्यातून हाती काही लागणार नाही. ज्यांना या कामाची माहिती आहे त्यांनी कृपया नेमके सांगावे: कशापासून सुरुवात करावी, काय टाळावे, आणि आमच्यासारख्यांनी कशात हात घालू नये?

नोंदवही

शिबिराची तारीख ठरवण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर काढा. ज्याचा रक्तदाब १७०/१०० निघेल त्याला गोळी कुठून मिळणार आणि तीन महिन्यांनी त्याचा रक्तदाब पुन्हा कोण मोजणार? उत्तर नसेल तर शिबिरातून लोकांच्या हाती चिठ्ठी आणि मनात धास्ती, एवढेच पडते. ज्युलियन ट्यूडर हार्ट या वेल्समध्ये काम केलेल्या डॉक्टरांनी १९७१ साली मांडले होते की जिथे गरज जास्त तिथे चांगली सेवा कमी मिळते. शिबिराने हे एका दिवसापुरते झाकले जाते, बदलत नाही.

माझा सल्ला: विषय दोनच घ्या, रक्तदाब आणि पिण्याचे पाणी, आणि ते वर्षभर सोडू नका. पाण्याबद्दल इथले जाणकार लिहितीलच. मी रक्तदाबाचे लिहितो.

तो आधी घ्यायचे कारण साधे आहे. त्रास जाणवत नाही म्हणून माणूस दवाखान्यात जात नाही आणि थेट पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका आल्यावर कळते. मोजायला सुई लागत नाही, आठवडाभराच्या सरावाने नवशिक्याला नीट मोजता येते आणि औषधे जुनी, स्वस्त, खात्रीची आहेत.

यंत्र दंडावर लावायचे घ्या, मनगटावरचे नको. यंत्राबरोबर येणारा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंमी घेराच्या दंडासाठी असतो, म्हणून मोठा पट्टा वेगळा घ्या आणि शिवणकामाची मोजपट्टी जवळ ठेवा. जाड दंडाला लहान पट्टा लावला की आकडा खोटा वाढतो आणि निरोगी माणूस घाबरून जातो.

आता मोजण्याची रीत. मोजण्याआधीच्या अर्ध्या तासात चहा-कॉफी, तंबाखू, जिने चढणे नको. लघवीला जाऊन आलेला असावा. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून, मांडीवर मांडी न घालता पाच मिनिटे गप्प बसू द्या. दंड उघडा हवा. बाही वर सरकवल्याने ती दंडाला आवळत असेल तर हात बाहीतून काढायला सांगा. हात टेबलावर किंवा उशीवर, पट्टा हृदयाच्या पातळीला. हात खाली लोंबकळत असेल तर आकडा जास्त येतो. मोजताना कुणीही बोलायचे नाही, मोजणाऱ्यानेही नाही. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. दोन्हींत फार फरक असेल तर तिसऱ्यांदा मोजा. रांग लागलेली असली की या पाच मिनिटांवरच सगळ्यात आधी गदा येते. शिबिरातल्या आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही, तो यामुळेच.

आकड्यांचे पुढे काय करायचे तेही ठरवून ठेवा. १४०/९० किंवा त्याहून जास्त (वरचा किंवा खालचा, एक जरी जास्त असला तरी) आल्यास दुसऱ्या एखाद्या दिवशी पुन्हा मोजा. तेव्हाही तेवढाच असेल तर दवाखान्यात. १६०/१०० च्या वर असेल तर वाट न बघता त्याच आठवड्यात डॉक्टरकडे. १८०/११० च्या वर असेल तर त्याच दिवशी. छातीत दुखणे, धाप, एका बाजूची शक्ती जाणे, बोबडे बोलणे, अचानक अंधारी किंवा तीव्र डोकेदुखी असेल तर आकडा कितीही असो, सरळ रुग्णालय गाठायचे, पुन्हा मोजत बसायचे नाही. गरोदर बाई असेल तर १४०/९० लासुद्धा त्याच दिवशी डॉक्टर.

गोळी कुठली, किती, हे स्वयंसेवकाने कधीही सांगू नये. शेजाऱ्याच्या गोळ्या चालतील का, या प्रश्नाला उत्तर एकच: नाही.

सर्वांत जड काम पुढचे. गोळ्या सुरू झालेले लोक पहिल्या काही महिन्यांतच सोडतात. बरे वाटते म्हणून, गोळ्या संपल्या आणि पुन्हा रांगेत उभे राहायला एक रोज बुडतो म्हणून, किंवा पाय सुजले, खोकला लागला आणि औषध बदलून मिळते हे कुणी सांगितले नाही म्हणून. तेव्हा सुरुवात करण्याआधीच दवाखान्यातल्या डॉक्टरांशी बसून दोन गोष्टी मागा: रक्तदाब आटोक्यात आलेल्यांना एका वेळी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या, आणि आठवड्यातून एक संध्याकाळ. दुसरी मिळाली नाही तरी पहिली मिळवाच.

लॉस एंजेलिसमध्ये केशकर्तनालयांत झालेला आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग इथे उपयोगी आहे. कृष्णवर्णीय पुरुष गिऱ्हाइकांचा रक्तदाब दुकानातच मोजला गेला. काही दुकानांत न्हाव्याने फक्त डॉक्टरकडे जायचा सल्ला दिला, तर काहींत औषधनिर्माता (फार्मासिस्ट) दुकानातच येऊन, डॉक्टरांशी ठरलेल्या पद्धतीने औषध सुरू करत होता. सहा महिन्यांत पहिल्या गटात वरचा आकडा सरासरी ९ ने उतरला, दुसऱ्यात २७ ने. माणूस जिथे एरवीही येतो तिथे मोजणे चांगलेच, पण खरा फरक औषध हाताशी येण्याने पडला.

थेंब

वरच्या प्रतिसादाशी सहमत. पाण्याबद्दल लिहिते.

ठरावीक वेळी येणाऱ्या पाण्याचा मूळ दोष नळ बंद असतानाच्या वेळेत असतो. जलवाहिनीत दाब नसतो आणि गळक्या सांध्यांतून आजूबाजूचे सांडपाणी आत शिरते. त्यात कुणी नळाला थेट मोटर लावली की वाहिनीत उणा दाब तयार होतो आणि गटाराचे पाणी ओढलेच जाते. म्हणून पाणी सुटल्यावरची पहिली काही मिनिटे सर्वांत वाईट. ते पाणी धुण्याला, फरशीला वापरा, पिण्याचे नंतर भरा. याला खर्च शून्य आहे, पण पाणी अर्धाच तास येत असेल तर लोक ऐकणार नाहीत, आणि त्यांचे चूक नाही.

क्लोरीन तपासायचा डीपीडी गोळ्यांचा संच घ्या. नमुन्यात गोळी टाकली की पाणी गुलाबी होते, रंग तक्त्याशी जुळवायचा. पाण्याच्या दिवशी तीन ठिकाणी तपासा: गल्लीच्या तोंडाचा नळ, गल्लीतल्या शेवटच्या घराचा नळ, आणि त्या घरात लोक पितात तो पेला. नळाला लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन (जंतू मारायला शिल्लक उरलेला) हवा. पहिल्या नळाला आहे आणि शेवटच्याला नाही, म्हणजे मधल्या वाहिनीत काहीतरी मिसळते आहे. तो भाग पाणीपुरवठा खात्याने खोदून बघायचा. शेवटच्या नळाला आहे आणि पेल्यात नाही, म्हणजे साठवण्यात दोष. तिन्ही ठिकाणी नाही, तर प्रश्न वस्तीच्या बाहेरचा. तारीख-वेळेसह असा चार आठवड्यांचा तक्ता अर्जाला जोडला की खात्याला नुसते "पाणी खराब येते" या तक्रारीसारखे उत्तर देता येत नाही.

दुरुस्ती होईपर्यंत घरात क्लोरीन टाकावा लागेल. गोळ्या मिळत असतील तर त्याच बऱ्या, फक्त वेष्टनावर ती किती लिटरसाठी आहे ते बघा. २० लिटरची गोळी ५ लिटरच्या भांड्यात पडली की पाणी पिववत नाही, घरातले सगळे वैतागतात आणि ते घर पुन्हा कधी गोळी वापरत नाही.

ब्लीचिंग पावडर वापरणार असाल तर सुटी पावडर घराघरांत वाटू नका. एकाच जागी द्रावण करा. ताज्या पावडरीत साधारण ३० टक्के क्लोरीन असतो. अशी ३३ ग्रॅम पावडर १ लिटर पाण्यात ढवळली की १ टक्क्याचे द्रावण होते. काही तास निवळू द्या, वरचे स्वच्छ द्रावण गडद बाटलीत ओता, तारीख लिहा. त्यातले ४ मिलिलिटर २० लिटर स्वच्छ पाण्याला, म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅम. ढवळून अर्धा तास झाकून ठेवायचे, मग प्यायचे. पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्या, घडीच्या कापडातून गाळा आणि ८ मिलिलिटर टाका, कारण गाळ क्लोरीन खाऊन टाकतो. अर्ध्या तासाने तपासल्यावर क्लोरीन २ च्या वर नको, आणि दुसऱ्या दिवशी निदान ०.२ उरला पाहिजे. या दोन आकड्यांत बसेल असा डोस त्या वस्तीच्या पाण्यावर एकदा ठरवून घ्या.

इथे बिघडते काय? पावडर. उघड्या पिशवीत, दमट जागी, उन्हात ठेवली की तिचा जोर उतरतो. डोस तोच राहतो आणि पाणी शुद्ध होत नाही. द्रावणही आठवड्या-दोन आठवड्यांत संपवा. पावडर हाताळताना हातमोजे घाला, हवा खेळती ठेवा, आणि संडास धुण्याच्या आम्लाजवळ ती कधीही ठेवू नका. दोन्ही मिसळले तर विषारी वायू सुटतो.

क्लोरीनने सगळे मरत नाही. क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी त्याला दाद देत नाहीत. तान्ह्या बाळांसाठी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांसाठी उकळलेलेच पाणी बरे. खळखळून उकळी आली की पुरे, वीस मिनिटे इंधन जाळायची गरज नाही.

साठवणीत सर्वांत जास्त फरक भांड्याने पडतो. तोटीचे किंवा निमुळत्या तोंडाचे झाकणाचे भांडे घ्या, म्हणजे हात आत जाणार नाही. ते जमत नसेल तर लांब दांड्याचे ओगराळे, आणि ते भांड्यात पडून न राहता खुंटीला टांगलेले. आणखी एक, भरून ठेवलेल्या पिंपांत डेंग्यू पसरवणारे डास वाढतात. अंड्यापासून डास व्हायला उबदार हवेत सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा एक वार ठरवून पिंप रिकामे करायचे. नुसते ओतून देऊ नका. अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी होऊनही महिनोन्‌महिने टिकतात. आतली भिंत घासावीच लागते.

सुती पिशवी

"साखर, डोळे, सगळे एकाच दिवशी" यातली साखर सध्या बाजूला ठेवा. बोट टोचून तपासणे सोपे दिसते, पण प्रत्येकाला नवी सुई, दर माणसामागे बदललेले हातमोजे, वापरलेल्या सुयांसाठी न फुटणारा बंद डबा, आणि तो डबा शेवटी घेणारे रुग्णालय, एवढे सगळे लागते. टोचण्याचे पेन एकाचे दुसऱ्याला वापरले तर सुई बदलूनही हेपॅटायटिस बी पसरू शकतो. पट्ट्यांची डबी उघडी राहिली की दमट हवेने आकडे चुकतात. बोटाला गोड लागलेले असेल तर साखर वाढलेली दिसते. हे काम दवाखान्याच्या परिचारिकेचे आहे. तुम्ही एवढे करा: रक्तदाब वाढलेल्यांना, पोटाचा घेर वाढलेल्यांना, वारंवार लघवी-तहान लागणाऱ्यांना आणि ज्यांच्या आई-वडिलांना मधुमेह आहे त्यांना उपाशीपोटी तपासणीसाठी नावानिशी दवाखान्यात पाठवा आणि गेले का ते विचारा.

उंबरठा

सगळ्यांचे आभार. शिबिराचा विचार सोडतो आहोत. दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. लहान मुलांच्या जुलाबात स्वयंसेवकाने घरी काय सांगावे? आणि खूप दिवस खोकणारी माणसे दिसतात, त्यांच्याशी बोलावे कसे?

कोपऱ्यातला दिवा

जुलाबात मूल दगावते ते अंगातले पाणी आणि क्षार गेल्याने. म्हणून पहिल्या पातळ जुलाबापासून ओआरएस. १ लिटरचे पाकीट असेल तर ते पूर्ण पाकीट पूर्ण १ लिटर पिण्यायोग्य पाण्यातच. निम्मे पाकीट पेल्यात, उरलेले उद्या, असे सर्रास होते आणि तेच घातक आहे, कारण दाट द्रावणाने रक्तातले मीठ वाढते. प्रत्येक घरातल्या कुठल्या भांड्यात बरोबर १ लिटर मावते ते मोजून त्यावर खूण करून द्या. लहान पाकिटेही मिळतात, त्यांचे पाणी कमी, तेव्हा पाकिटावरचा आकडा आईला वाचून दाखवा. केलेले द्रावण २४ तासांनी टाकून द्यायचे.

पाकीट नसेल तेव्हा १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा ५ मिलिलिटरचा. सपाट म्हणजे सुरीच्या पाठीने निपटलेला. मीठ जास्त झाले तर धोका, साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात. म्हणून पाकीटच घरात ठेवलेले बरे.

किती द्यायचे? दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्याला १०० ते २००, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, आणखी सावकाश. अंगावरचे दूध आणि नेहमीचे खाणे थांबवायचे नाही. ओआरएसने जुलाब लगेच थांबत नाहीत हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी "उपयोग नाही" म्हणून ते बंद होते. सोबत झिंक: सहा महिन्यांपुढच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याखालच्याला १०, दहा ते चौदा दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी गोळ्या पूर्ण करायच्या. दवाखान्यातून त्या पहिल्याच भेटीत घ्या.

मूल पीत नाही, सुस्त पडले आहे, डोळे खोल गेले आहेत, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सावकाश खाली बसते, शौचात रक्त आहे, किंवा जे देऊ ते सगळे उलटून पडते, यातले एक जरी दिसले तरी ताबडतोब रुग्णालय. वाटेतही ओआरएस चालू ठेवा.

खोकल्याचे: दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणे, रात्री घाम, अशा माणसाच्या थुंकीची तपासणी व्हायला हवी. हे दारात उभे राहून, शेजाऱ्यांसमोर बोलू नका. क्षयरोगाचे नाव गल्लीत फुटले की घरमालक खोली खाली करायला सांगू शकतो आणि मग माणूस आजार लपवतो. "खोकला बरेच दिवस आहे, एक तपासणी करून घेऊ, मी बरोबर येतो" एवढे पुरते. निदान झाले तर घरातल्या सर्वांची तपासणी, पाच वर्षांखालच्या मुलांची आधी. त्यांना आजार नसला तरी तो होऊ नये म्हणून औषध देतात. नेहमीच्या क्षयरोगाचे उपचार साधारण सहा महिन्यांचे. दोन महिन्यांत खोकला जातो आणि बरेच जण तिथेच औषध सोडतात. त्या टप्प्याला तुमची भेट सर्वांत मोलाची. एका खोलीच्या घरात समोरासमोरची दोन तोंडे, दार आणि खिडकी, एकाच वेळी उघडी ठेवली तर हवा वाहते. एकच उघडे असले तर फार थोडी बदलते. खिडकीसमोर रचलेले सामान हलवायला मदत करणे हेही आरोग्याचेच काम आहे.

नोंदवही

कामाच्या वाटणीबद्दल एक राहिले होते. बाराजणांनी मिळून ४०० घरे करायला गेलात तर कुठल्याच घराची ओळख होणार नाही. प्रत्येकाला ३०-३५ घरे, शक्यतो एक गल्ली, आणि ती बदलायची नाही. ब्राझीलमध्ये १९९४ पासून चाललेल्या कुटुंब आरोग्य योजनेत त्याच वस्तीत राहणारी पगारी कार्यकर्ती साधारण दीडशे कुटुंबांपर्यंत सांभाळते आणि महिन्यातून एकदा प्रत्येक घरी जाते. तुम्ही आठवड्याला तीन-चार तास देणारे, तेव्हा घरे त्याच्या पाव भागाइतकी ठेवा. कराचीच्या ओरंगी वस्तीत १९८० साली अख्तर हमीद खान यांनी सुरू केलेल्या प्रकल्पातही एकक गल्लीच होते: वीस-तीस घरांनी आपल्या गल्लीची गटारवाहिनी स्वतःच्या पैशाने आणि देखरेखीखाली घातली, मोठी वाहिनी सरकारकडे मागितली. तुमच्या वाहिनीच्या दुरुस्तीसाठीही गल्लीवार सह्या घ्या. आणि गल्लीतलीच एखादी बाई किंवा मुलगा मोजायला शिकत असेल तर त्याला आधी शिकवा, त्याच्या वेळेचे मानधनही द्या. बाहेरचे स्वयंसेवक परीक्षा, नोकरी, बदली यांमुळे गळतात. गल्लीतला माणूस बहुधा तिथेच असतो.

मोजायची वेळ कामाच्या वेळेबाहेरची: भल्या सकाळी पाणी भरायला लोक येतात तेव्हा, किंवा रात्री जेवणाआधी. सकाळी हंडे वाहून आलेल्याला आधी पाच मिनिटे बसवा, नाहीतर आकडा चढाच येईल.

वहीत माणसामागे एक ओळ: नाव, तारीख, दोन आकडे, गोळ्या कधी संपणार. "गोळ्या कधी संपणार" हा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. दर रविवारी त्यावरून बोट फिरवा आणि येत्या आठवड्यात ज्यांच्या संपतात त्यांच्याच घरी जा. दर तीन महिन्यांनी एकच हिशेब करा: वहीत नोंदलेल्या रक्तदाबाच्या रुग्णांपैकी कितीजणांचा शेवटचा आकडा १४०/९० च्या खाली आहे. त्या तीन महिन्यांत ज्यांचा मोजलाच नाही त्यांना आटोक्यात नसलेल्यांत धरा, वगळू नका. वगळले की टक्केवारी छान दिसते आणि सुटलेली माणसे कुणालाच दिसत नाहीत.

उंबरठा

दोन गल्ल्यांपासून सुरू करतो. यंत्रे किती घ्यावीत आणि वही कुणाकडे ठेवावी?

नोंदवही

दोन गल्ल्यांना दोन यंत्रे, मोठा पट्टा एक, डीपीडी संच एक, जास्तीच्या बॅटऱ्या. बॅटरी उतरली की यंत्र अर्ध्यातच चूक दाखवून थांबते. दोन्ही यंत्रे महिन्यातून एकदा एकाच माणसावर पाठोपाठ लावून बघा. नेहमीच पाच-सहाचा फरक पडत असेल तर दोन्ही दवाखान्यातल्या यंत्राशी ताडून घ्या आणि चुकणारे बाजूला काढा. वही ज्याची गल्ली त्याच्याकडे, कुलपात. वहीच्या पानांचे फोटो गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. हिशेबाला फक्त संख्या पाठवा, नावे नाहीत.